राखलेला प्रकाश : पेन्सिलीच्या छोट्या व्यक्तिचित्रांतील छायाप्रकाश

१

चित्रकलेविषयी मराठीत जे लेखन होते ते बहुतांशी मोठ्या चित्रांविषयी होते. तैलचित्र, भित्तिचित्र, फार तर जलरंगातील निसर्गचित्र, एवढ्यांचीच चर्चा करावी असा जणू संकेत आहे. वहीच्या पानाएवढ्या कागदावर पेन्सिलीने काढलेले एखाद्या व्यक्तीचे चित्र समोर आले, की रसिक त्याच्याकडे कौतुकाने पाहतो, 'अगदी हुबेहूब' असा अभिप्राय देतो आणि पुढे जातो. टीकाकारही अशा चित्राची गणना कच्च्या टिपणांत करतात. पुढे व्हावयाच्या मोठ्या चित्राची ती पूर्वतयारी, यापलीकडे त्याला स्वतंत्र प्रतिष्ठा देण्यास ते सहसा राजी नसतात.

हा समज बरोबर नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पेन्सिलीच्या छोट्या व्यक्तिचित्राला त्याचे स्वतःचे शास्त्र आहे, आणि ते मुख्यतः प्रकाशाचे शास्त्र आहे. तैलरंगात चित्रकाराला प्रकाश निर्माण करता येतो. गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या रंगाचा जाड थर देऊन तो कपाळावरची चमक हवी तेव्हा उभी करू शकतो. पेन्सिलीच्या चित्रात असे कोणतेही साधन नाही. तेथे प्रकाश म्हणजे कोरा कागद. तो आरंभी संपूर्ण हाती असतो, आणि पेन्सिलीचा प्रत्येक स्पर्श त्यातून काही ना काही वजा करीत जातो. असे चित्र काढणारा मनुष्य प्रकाश काढीत नसतो, राखीत असतो. तो त्याने कोठे राखला, कोठे सोडून दिला आणि या देवघेवीत समोरच्या माणसाविषयी आपल्याला काय कळले, यावर त्या चित्राची योग्यता ठरते.

हे म्हणणे दोन चित्रकारांच्या आधारे तपासून पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे. पहिला फ्रेंच चित्रकार झाँ-ओग्यूस्त-दोमिनिक अँग्र (१७८०–१८६७), दुसरे बंगालचे ज्योतिरिंद्रनाथ ठाकूर (१८४९–१९२५). एक व्यवसायाने चित्रकार, दुसरे नाटककार, संगीतज्ञ, अनुवादक आणि फावल्या वेळचे चित्रकार. दोघांना एकत्र आणण्याचे कारण कलेतलेच आहे. तथापि बदलीच्या हुकुमाबरोबर बिऱ्हाड हलविण्याची सवय असलेल्या या मासिकाच्या वाचकांना आणखीही एक धागा आढळेल. अँग्रची उत्तम पेन्सिल-चित्रे परमुलखात नेमणुकीवर गेलेल्या सरकारी अधिकाऱ्यांच्या सहवासात जन्मली, आणि ज्योतिरिंद्रनाथांची चित्रकलेची गोडी आपल्या वडील बंधूंच्या परप्रांतातील नोकरीच्या गावी वाढीस लागली.

२

प्रथम साधनांचा विचार करू. कारण या कलेत साधनाची मर्यादा हीच शैलीची जननी आहे.

आपण जिला शिसपेन्सिल म्हणतो तिच्यात शिसे मुळीच नसते. इंग्लंडमधील कंबरलँड भागात बॉरोडेल येथे सोळाव्या शतकात जे काळे, गुळगुळीत खनिज सापडले ते शिशाचाच एक प्रकार असावे, असे लोकांना वाटले आणि ते नाव चिकटून राहिले. वस्तुतः ते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनचे एक रूप. १७९३ पासून इंग्लंड व फ्रान्स यांच्यात युद्ध जुंपले, तेव्हा फ्रान्सला हे ग्रॅफाइट मिळेनासे झाले. या अडचणीतून निकोला-झाक काँते याने मार्ग काढला. त्याने ग्रॅफाइटची पूड मातीत कालवून तिच्या कांड्या भट्टीत भाजल्या आणि १७९५ साली त्या कृतीचे पेटंट घेतले. या युक्तीचा एक मोठा लाभ असा झाला, की मातीचे प्रमाण वाढविले म्हणजे पेन्सिल कठीण व फिकट होते, कमी केले म्हणजे मऊ व काळी होते. चित्रकाराच्या हाती छटांची एक मोजकी सप्तके आली. अँग्र तेव्हा पंधरा वर्षांचा होता. युद्धाच्या टंचाईतून जन्मलेले हे साधन त्याच्या पिढीच्या हाती तरुणपणीच आले.

परंतु ग्रॅफाइट कितीही मऊ केले, तरी त्याला खरा काळा रंग नाही. लोणारी कोळसा किंवा काळा खडू प्रकाश शोषून घेतो. ग्रॅफाइटला चमक असते आणि जितके ते दाट लावावे तितके ते चकाकते. तिरक्या उजेडात पाहिले, तर चित्रातला सर्वांत काळा भागच रुपेरी दिसू लागतो. त्यामुळे कोऱ्या कागदापासून गडद छायेपर्यंतचे अंतर पेन्सिलीत तोकडे पडते. ज्याला रेम्ब्राँचा अंधार हवा असेल त्याने पेन्सिल हाती धरू नये.

दुसरी गोष्ट कागदाची. वरवर गुळगुळीत दिसणाऱ्या कागदालाही बारीक उंचवटे आणि खळगे असतात. हलक्या हाताने पेन्सिल फिरविली म्हणजे ग्रॅफाइट उंचवट्यांवर बसते आणि खळगे पांढरे राहतात. छायेच्या आतही हे पांढरे कण उरलेले असतात, म्हणूनच चांगल्या पेन्सिल-चित्रातली छाया हवेशीर वाटते. जोर देऊन किंवा घासून ते खळगे एकदा बुजविले, म्हणजे छाया मेली. खोडरबराने पुसून ती सहसा पूर्ववत होत नाही.

तिसरी गोष्ट आकाराची, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. मनुष्याचा चेहरा कपाळाच्या वरच्या कडेपासून हनुवटीपर्यंत साधारण २० सेंटिमीटर धरला आणि चित्रातला चेहरा ४ सेंटिमीटरचा असला, तर प्रमाण पाचास एक असे पडते. म्हणजे पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची एक रेघ ही प्रत्यक्ष चेहऱ्यावर अडीच मिलिमीटर रुंदीची पट्टी झाली. एवढ्या जाड पट्ट्यांनी डोळ्याखालची सुरकुती कशी दाखवावी? दाखविता येतच नाही. छोट्या चित्रात चित्रकाराला दहा छायांपैकी दोन निवडाव्या लागतात, आणि रेषा व छाया हा भेदही तेथे टिकत नाही. वरच्या पापणीची एकच रेघ काढली, की तिच्यात पापणीची कड, तिची बुबुळावर पडलेली सावली आणि पापण्यांचे केस हे तिन्ही एकदम येतात. ती रेघ किंचित जाड झाली तर मनुष्य झोपाळू दिसतो. किंचित बारीक झाली तर दचकलेला. छोट्या व्यक्तिचित्रात छायेची चूक ही स्वभावाची चूक ठरते, ती अशी.

३

आता अँग्रकडे वळू. १८०१ साली त्याला रोम येथे जाऊन अभ्यास करण्याचे फ्रेंच सरकारचे पारितोषिक मिळाले. पैशाच्या अडचणीमुळे प्रत्यक्षात तो १८०६ मध्ये तेथे पोहोचला आणि वेतनाची मुदत संपल्यावरही १८२० पर्यंत तेथेच राहिला. १८०९ साली नेपोलियनने रोम आपल्या साम्राज्यास जोडले. लगेच फ्रान्सहून अधिकाऱ्यांचा ताफा तेथे येऊन दाखल झाला. जलमार्ग व जंगल खात्याचा महानिरीक्षक मार्कोत, गहाणांच्या नोंदणीचा अधिकारी बोशे, पोलीस खात्याचा प्रमुख नॉर्व्हें यांसारख्या मंडळींना अँग्रने रंगविले किंवा रेखाटले. मार्कोत तर त्याचा जन्माचा स्नेही झाला. १८१४ च्या आरंभी फ्रेंच सत्ता रोममधून उठली आणि ही सारी खाती, पदव्या आणि शिक्के एका झटक्यात निरर्थक झाले. अँग्रचे आश्रयदाते गेले. पुढे युरोपात शांतता झाल्यावर इंग्रज प्रवासी रोमला लोटू लागले आणि पोट भरण्यासाठी त्याने त्यांची पेन्सिल-चित्रे काढली. एका पाहुण्याने दार ठोठावून, छोटी चित्रे काढणारा इसम येथेच राहतो काय असे विचारले, तेव्हा येथे चित्रकार राहतो असे सांगून अँग्रने त्याला वाटेला लावले, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, या कामाविषयी त्याच्या मनात असलेली अढी तीत नेमकी उतरली आहे. पौराणिक व ऐतिहासिक प्रसंगांची भव्य चित्रे हेच आपले खरे कार्य, असे तो मानी. काळाने त्याचे हे मत पूर्णपणे मान्य केलेले नाही. त्याच्या कित्येक भव्य चित्रांपुढे आजचा प्रेक्षक आदराने थबकतो, पण पेन्सिल-चित्रांपुढे रमतो. अशी सुमारे साडेचारशे व्यक्तिचित्रे त्याने आयुष्यभरात काढली.

या चित्रांचा कागद सामान्यतः ३० सेंटिमीटर उंच आणि २२ सेंटिमीटर रुंद, किंवा त्याहूनही लहान. चित्र पुरे होण्यास त्याला चार-एक तास लागत, असे त्याच्या चरित्रकारांनी नोंदले आहे. त्यांतील छायाप्रकाशाची वाटणी पाहण्यासारखी आहे. चेहरा अतिशय सूक्ष्मपणे पूर्ण केलेला असतो. अंगरखा, शाल, खुर्ची ही मात्र चपळ, मोकळ्या रेषांनी सुचविलेली असतात. चेहऱ्यावरील छाया इतकी हलकी, की प्रथमदर्शनी छाया आहे असे वाटतच नाही. गालाची गोलाई दाखविण्यास तो गाल काळा करीत नाही. उजेडाच्या बाजूची कड बारीक, जवळजवळ तुटती ठेवतो आणि सावलीच्या बाजूची कड थोडी दाबतो. मधला सारा गाल कोरा असतो, तरी तो गोल भासतो. रेषेच्या जाडीतच त्याने छाया साठविलेली असते. मग डोळे, नाकपुड्या, ओठांची मधली रेघ आणि केस या मोजक्या जागी तो खरा काळेपणा खर्च करतो. सगळी गडद नाणी चार ठिकाणी दिल्यामुळे उरलेला कागद आपोआप उजळतो.

१८१९ साली त्याने काढलेले व्हायोलिनवादक पागानिनीचे चित्र पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे. काखेत व्हायोलिन, हातात गज, विस्कटलेले केस आणि स्थिर, सावध नजर. याच पागानिनीला देलाक्र्वाने १८३१ च्या सुमारास तैलरंगात रंगविले. ते छोटे चित्र वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रहात आहे. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली म्हणजे छायाप्रकाशाचे दोन धर्म समोरासमोर उभे राहतात. देलाक्र्वाच्या चित्रात सर्वत्र काळोख आहे आणि त्यातून वाजविणाऱ्या माणसाचा चेहरा व हात तेवढे उजळले आहेत. वादकाचा देह जणू सुरांबरोबर वाकला आहे. अँग्रच्या चित्रात सर्वत्र उजेड आहे आणि त्यात केसांचे व डोळ्यांचे काळे बिंदू तेवढे रोवले आहेत. तेथे पागानिनी वाजवीत नाही, वाजविण्याच्या आधी किंवा नंतर उभा आहे. देलाक्र्वाने लोकांना भारून टाकणारा कलावंत दाखविला. अँग्रने बैठकीस आलेला, आपली किंमत ओळखून असलेला माणूस दाखविला. पहिले चित्र अधिक भावोत्कट आहे, यात शंका नाही. परंतु उद्या पागानिनी गर्दीत भेटला तर त्याला ओळखावयाचे कशावरून, या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या चित्रातच सापडेल. अंधार कल्पनेला वाव देतो, उजेड ओळख देतो. आणि छोट्या व्यक्तिचित्राचे पहिले कर्तव्य ओळख देणे हे आहे.

तरीही अँग्रविषयी एक तक्रार नोंदविली पाहिजे. त्याचा उजेड सर्वांवर सारखाच पडतो. पियानोभोवती जमलेले स्टामाटी कुटुंब (१८१८) घ्या किंवा एखादी इंग्रज बाई घ्या, सर्वजण त्याच एका निर्मळ, निर्विकार सकाळी बसलेले आहेत. संध्याकाळ त्याच्या पेन्सिलीला ठाऊक नाही. थकवा, कर्ज, घराची ओढ यांपैकी काहीही या चेहऱ्यांवर सावली टाकीत नाही. परक्या शहरात, डळमळीत सत्तेच्या आश्रयाने राहणारी ही माणसे इतकी निश्चिंत असतील का? आपल्याकडे पैसे देऊन आलेल्या माणसाची भीड त्या उजेडात थोडीफार मिसळलेली आहे, असे म्हणावे लागते.

४

येथवर छाया थोडकी असावी, असे म्हटले. आपल्याकडे याच्या नेमके उलट शिकविले गेले, आणि त्याचे परिणाम अजून दिसतात. शाळेत असताना ज्यांनी सरकारी चित्रकलेच्या 'एलिमेंटरी' व 'इंटरमीजिएट' परीक्षा दिल्या, त्यांना 'शेडिंग' या शब्दाचा धाक आठवत असेल. घन, शंकू, गोल आणि मडके यांवर छटा चढविण्याचा तो अभ्यास डोळ्याला वळण लावण्यास उत्तम होता. पण त्यातून निघालेली अनेक मुले पुढे माणसाचा चेहराही मडक्यासारखाच घासू लागली. छायाचित्र समोर ठेवावयाचे, त्याच्यावर चौकोन आखावयाचे, चेहरा मोठा करून उतरवावयाचा आणि कागदाच्या टोकदार गुंडाळीने, म्हणजे 'स्टंप'ने, सारा चेहरा गुळगुळीत होईपर्यंत चोळावयाचा. दिवंगत वडीलधाऱ्यांच्या अशा तसबिरी आपल्या कितीतरी घरांत हार घालून लावलेल्या असतात. त्यांमागचा आदर खरा आहे. पण त्यांतील चेहरे बहुधा धातूचे वाटतात, आणि याला एक ठरावीक कारण आहे. जबड्याच्या खालच्या कडेला खांद्यावरून परतलेला मंद उजेड पडतो. तो कितीही स्पष्ट दिसला तरी छायेचाच भाग असतो, आणि उजेडाच्या बाजूच्या सर्वांत फिकट छटेहून तो नेहमी काळाच ठेवावा लागतो. तसबीर काढणारा या उजेडाच्या मोहात पडतो, तो पांढरा करतो, आणि हाडामांसाच्या जबड्याला पितळी भांड्याची झळाळी येते.

आणखी एक भेद तेथे हरवतो. नाकाची ओठावर पडणारी सावली आणि गालाच्या स्वतःच्या गोलाईमुळे आलेली छाया या दोन निराळ्या वस्तू आहेत. पहिलीची कड स्पष्ट असते, दुसरी उजेडात नकळत विरघळते. स्टंपने घासले, की दोन्ही कडा सारख्याच मऊ होतात. मग नाक चेहऱ्यातून पुढे येत नाही आणि गाल मागे वळत नाही. घासण्यात खर्च झालेले तास त्या चित्राच्या विरुद्ध साक्ष देतात.

म्हणून घासणे हेच पाप, असा निष्कर्ष मात्र काढू नये. जर्मन चित्रकार आडॉल्फ मेंत्सेल (१८१५–१९०५) सुताराची जाड पेन्सिल वापरी आणि स्टंपही वापरी. त्याच्या उत्तर वयातील वृद्धांच्या छोट्या चित्रांत छाया घासलेली आहे, दाट आहे, तरी जिवंत आहे. कारण त्याची छाया कोठूनतरी येत असते. डोके विलक्षण कोनातून पाहिलेले असते, उजेड कोणत्या बाजूने आला हे चटकन कळते, आणि घासलेल्या भागावर पुन्हा धारदार रेघ मारून तो कड परत मिळवितो. मेंत्सेलने अंधार वापरला, आमच्या तसबिरीवाल्यांनी तो पसरला. साधन एकच, फरक आहे तो छायेला कारण असण्या-नसण्याचा.

५

आता या सर्वांहून अवघड प्रश्न. अँग्रपुढे बसलेली माणसे गौरवर्णी होती. कोरा कागद हाच त्यांचा वर्ण, असे मानून त्याला चालता आले. आपल्या सावळ्या, गव्हाळ, काळ्या चेहऱ्यांचे काय? येथे चित्रकाराच्या डोळ्याला वर्ण आणि छाया एकमेकांत मिसळून दिसतात. वर्ण दाखवावा म्हणून सगळा चेहरा करडा केला, तर राखलेला प्रकाश संपतो आणि मनुष्य अंधारात बसल्यासारखा होतो. छायाच तेवढी दाखवून बाकीचा चेहरा कोरा ठेवला, तर सारे जग गोरे होते. दुसरा मार्ग सोपा असल्यामुळे तोच अधिक पत्करला जातो. आमच्या कॅलेंडरांतील आणि दिवाळी अंकांतील कितीतरी नायिका याच मार्गाने गोऱ्या झाल्या. हा केवळ तंत्राचा प्रश्न आहे, असे मानणे भाबडेपणाचे होईल. कोणाच्या वाट्याला किती उजेड यावा, याचा तो निवाडा आहे.

ज्योतिरिंद्रनाथांच्या चित्रांचे महत्त्व येथे जाणवते. महर्षी देवेंद्रनाथांचे ते पुत्र आणि रवींद्रनाथांचे वडील बंधू. त्यांचेही वडील बंधू सत्येंद्रनाथ हे सनदी परीक्षा उत्तीर्ण झालेले पहिले भारतीय. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि १८९७ साली साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून ते निवृत्त झाले. ज्योतिरिंद्रनाथ १८६७ च्या सुमारास अहमदाबादला त्यांच्याकडे राहिले. सतार, फ्रेंच भाषा आणि चित्रकला यांचा अभ्यास त्यांनी तेथे केला. मराठीशीही त्यांचा परिचय झाला. हा परिचय वरवरचा नव्हता. लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' बंगालीत आले ते त्यांच्याच लेखणीतून, १९२४ मध्ये. परप्रांतातील वास्तव्याने मनुष्य काय मिळवू शकतो याचे हे बोलके उदाहरण आहे.

त्यांनी आयुष्यभर माणसांची डोकी रेखाटली. घरची मंडळी, पाहुणे, थोर आणि अप्रसिद्ध, जो समोर बसेल तो. १८८९ साली शिलाईदह येथे पद्मेवरील नावेत त्यांनी काढलेले लालन फकिराचे चित्र हे त्या संतकवीला प्रत्यक्ष समोर बसवून काढलेले एकमेव चित्र म्हणून ओळखले जाते. पुढच्याच वर्षी लालन निवर्तला. इंग्रज चित्रकार विल्यम रोदेनस्टाइन यांना ही चित्रे इतकी मोलाची वाटली, की त्यांच्या पुढाकाराने १९१४ साली लंडनमध्ये त्यांतील पंचवीस चित्रांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्याची छपाई कोलोटाइप पद्धतीने झाली, ही गोष्ट महत्त्वाची आहे. नेहमीच्या ठिपक्यांच्या छपाईत उजेडाच्या जागीही बारीक ठिपके येतात आणि चित्रकाराने राखलेला कागद छापखाना काळवंडून टाकतो. कोलोटाइपमध्ये ठिपके नसतात, छटा अखंड राहतात. चित्रांचे मर्म कशात आहे हे छापणाऱ्यांना कळले होते, असाच याचा अर्थ.

ज्योतिरिंद्रनाथांची पेन्सिल मऊ आणि हात हलका आहे. बहुधा डोके आणि खांदे एवढाच विषय. कपडे थोडक्यात आटोपलेले, पार्श्वभूमी नाही. चेहऱ्यावर एक पातळ, मोकळी छटा असते, आणि तिच्यात कपाळाचा उंचवटा, नाकाचा कणा, गालाचे हाड एवढ्या जागा उजळ ठेवलेल्या असतात. सावळ्या त्वचेवर उजेडाची तिरीप गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक ठळक उमटते, हा रोजच्या पाहण्यातला अनुभव आहे. त्याचा उपयोग केला म्हणजे वर्णही राहतो आणि प्रकाशही राहतो. येथे कागद हा चेहऱ्याचा वर्ण नसून चेहऱ्यावर आलेला उजेड आहे. अँग्रच्या आणि या चित्रांच्या छायाप्रकाशातील मूलभूत फरक एवढाच. पण तो भारतीय चित्रकाराला पुढची सारी वाट दाखवू शकतो.

मस्तकाच्या ठेवणीवरून स्वभाव ओळखण्याची एक विद्या एकोणिसाव्या शतकात प्रचारात होती. ज्योतिरिंद्रनाथांना तिचा नाद होता. ती विद्या पुढे शास्त्राने खोटी म्हणून टाकून दिली, आणि योग्यच केले. परंतु चित्रांना तिचा लाभ झाला. कपाळाचा चढ, भुवईचे हाड, कानामागचा उंचवटा यांकडे ते ज्या काटेकोरपणे पाहतात, त्यामुळे त्यांच्या छायेखाली नेहमी हाड असते. ती कधी हवेत तरंगत नाही. शास्त्र चुकले, तरी निरीक्षण टिकले.

त्यांच्या मर्यादाही झाकू नयेत. अँग्रची रेषा जी हुकमत गाजविते ती त्यांच्यापाशी नाही. चेहरा संपला की खांद्याची रेघ पुष्कळदा डगमगते, आणि एकापुढे एक अनेक चित्रे पाहिली म्हणजे बसण्याच्या तऱ्हांचा तोचतोपणा जाणवतो. पूर्ण देह, हातांची हालचाल, एका चौकटीत अनेक माणसे बसविण्याचे कौशल्य हे अँग्रचे गुण त्यांच्याकडे शोधू नयेत. हौशी चित्रकाराला शिस्तीची उणीव भासते, ती त्यांनाही भासली असली पाहिजे. पण ज्या एका गोष्टीत अँग्र कमी पडतो तीत ते सरस ठरतात. त्यांच्यापुढे बसलेला मनुष्य गिऱ्हाईक नव्हता. त्याला खूष करण्याचे कारण नव्हते आणि घाईही नव्हती. त्यामुळे या चेहऱ्यांवर थकवा उतरू शकला, वार्धक्य उतरू शकले, स्वतःशीच चाललेला विचार उतरू शकला. त्यांच्या चित्रांत प्रत्येकाची वेळ निराळी आहे.

६

साहित्याच्या मासिकात या विषयाला जागा का द्यावी, असा प्रश्न कोणी विचारील. मराठीत 'व्यक्तिचित्र' हा शब्द चित्रकलेपेक्षा साहित्यातच अधिक रुळला आहे, आणि 'रेखाचित्र' हाही शब्द आपण लेखनाला बिनदिक्कत लावतो. हे शब्द उसने घेतले, तर त्यांच्याबरोबर आलेले नियमही घ्यावयास हवेत. व्यंकटेश माडगूळकरांनी 'माणदेशी माणसे' (१९४९) लिहिली; ते स्वतः उत्तम रेखाटने करीत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पुस्तकातली काटकसर आकस्मिक वाटत नाही. माणसाच्या दारिद्र्याचे वर्णन ते चार ठिकाणी करतात आणि बाकीचे पान मोकळे सोडतात. याउलट आपल्याकडील पुष्कळशी शब्दचित्रे स्टंपने घासलेली असतात. माणूस प्रेमळ असला की त्याच्या प्रत्येक वाक्यावर प्रेम चोळलेले. दुःखी असला की पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकच करडी छटा. वाचकाने स्वतः काही पाहावे, म्हणून कोरी ठेवलेली जागा शोधून सापडत नाही.

मूळ चित्रे पाहण्याची संधी सर्वांना मिळत नाही. कोलकात्यात नेमणूक असलेल्यांनी जोडासाँकोच्या ठाकूरवाड्याची वाट जरूर धरावी. रांचीला असलेल्यांना मोरहाबादी टेकडी ठाऊक असेलच. तेथेच ज्योतिरिंद्रनाथांनी आयुष्याची अखेरची वर्षे काढली आणि लोक तिला आजही टागोर टेकडी म्हणतात. अँग्रची बरीचशी चित्रे परदेशी संग्रहालयांनी संगणकाच्या पडद्यावर खुली केली आहेत, ही मोठी सोय झाली. ती पाहताना दोन पथ्ये पाळावी. पडद्यावर चित्र वाटेल तेवढे मोठे होते. एकदा तरी ते मूळ मापाएवढे लहान करून पाहावे, कारण या चित्रांतील छाया त्या मापासाठीच तोललेली आहे. आणि पडद्याचा पांढरा रंग स्वतः उजेड फेकतो, कागद तो फक्त परत देतो, हे ध्यानात ठेवून पडद्याची झगझग थोडी कमी करावी.

नेमणुकीच्या गावी आपल्याला भेटलेली माणसे बहुधा दोन-तीन वर्षांची सोबती असतात. कचेरीतला वृद्ध शिपाई, शेजारचे परभाषी बिऱ्हाड, बाजारातला ओळखीचा दुकानदार यांच्याविषयी आपल्याला फारसे ठाऊक नसते, आणि जे ठाऊक असते तेही तुटक असते. पेन्सिलीचे छोटे व्यक्तिचित्र ही अशा अल्प परिचयाचीच कला आहे. तिला माणसाचे चरित्र लागत नाही. त्याच्या चेहऱ्यावर खिडकीतून आलेला उजेड नीट पाहिला, चार छाया विचारपूर्वक निवडल्या आणि जे कळले नाही ते कागदावर काळे केले नाही, एवढे तिला पुरते. अँग्रने रेखाटलेल्या अधिकाऱ्यांचे हुद्दे आज कोणाला सांगता येणार नाहीत. ते कोणत्या खात्यात होते हे चित्राखालची चिठ्ठी वाचून कळते. त्यांचे चेहरे मात्र ओळखीचे वाटतात. दोनशे वर्षांपूर्वी एका मनुष्याने त्यांच्या गालावरचा कागद काळा करण्याचे टाळले, म्हणून तो उजेड अजून तेथे आहे.